रुमालाखालचं मत

"'सरांनाही आणा' म्हणजे काय? मी काय पिशवी आहे, येताना आणायला?"

"अहो, घाईत लिहिलंय तिने."

"घाईत माणूस मनातलं लिहितो."

"मग तिच्या मनात तुम्ही आहात, एवढं तरी बरं आहे." नीरजाने तव्यावर पीठ ओतलं. चर्र झालं, आणि त्या आवाजाआड तिने पुढचं वाक्य गिळलं असं देवदत्तसरांना वाटलं. "बसा. घावन गार होतंय."

"निरोप तुझ्या फोनवर का? गटात टाकायला काय झालं होतं?"

"गटातही टाकलाय. सोमवारपासून तुम्हीच त्याचा आवाज बंद करून ठेवलाय."

"आणि तुला वेगळा."

"आणि मला वेगळा."

"का?"

"ते तिला विचारून येते, मग सांगते. चटणी घ्या."

निरोप सावित्री भाटकरचा होता. तिचा फराळ आणि फणसाच्या तळलेल्या गऱ्यांचा कारखाना आहे, एमआयडीसीत, पत्र्याच्या शेडमध्ये. दिवाळी तोंडावर आली होती, बायका चकल्या पाडत होत्या, तिला तासभरसुद्धा हलता येत नव्हतं. म्हणून या रविवारी कट्टा तिच्याकडे भरवू या, वहिनी तुम्ही याच, सरांनाही आणा, असं तिने लिहिलं होतं. कारण सरळ होतं. सरळ कारणांवर देवदत्तसरांचा हल्ली विश्वास बसत नसे.

कारण कट्टा त्यांचा होता. त्यांच्या ओटीवर सुरू झालेला, त्यांच्या झोपाळ्याच्या कुरकुरीत वाढलेला. देवदत्त बेहेरे गावातल्या एका शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचे. पोरं त्यांना घाबरायची आणि पालक त्यांना मानायचे, म्हणजे मास्तराला हवं ते सगळं मिळत होतं. पगारातून उरलेल्या पैशांचे त्यांनी शेअर घ्यायला सुरुवात केली तेव्हा रत्नागिरीत लोक एकतर पोस्टात ठेवत, नाहीतर जमिनीत. सरांनी अभ्यास केला. कंपन्यांचे वार्षिक अहवाल मागवून वाचले. काही शेअर बुडाले, काही तरले, एक-दोन असे चालले की घराला दुसरा मजला चढला. मग लोक विचारायला येऊ लागले. एसटी डेपोत क्लार्क असलेले हरिश्चंद्र मांडवकर आले, मूळचे देवरूखकडचे, बोलायला मोकळे, खिशाला घट्ट. मारुती मंदिराजवळ औषधांचं दुकान चालवणारा सुजय आला. सावित्री आली. रविवारी सकाळी कट्टा भरायचा, एखाद्या कंपनीवर चर्चा व्हायची, आणि शेवटी रुमाल निघायचा.

रुमालाची युक्ती सरांची. त्यांचे वडील गोपाळकृष्ण आंब्याच्या पेट्या मुंबईला धाडत, आणि लहानपणी एकदा त्यांनी मुलाला बाजारात नेलं होतं. तिथे दलाल आणि गिऱ्हाईक भर गर्दीत एकमेकांचे हात हातात घेऊन उभे राहत, वर एक रुमाल टाकलेला, आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरत. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला काही कळत नसे. सरांनी ते कट्ट्यावर आणलं. चर्चा संपली की एकेकाने यायचं, सरांच्या हातात हात द्यायचा, वर रुमाल. एक बोट दाबलं तर विका. दोन बोटं म्हणजे ठेवा. सगळा पंजा म्हणजे आणखी घ्या. कोणी काय दाबलं ते कोणी कोणाला सांगायचं नाही, म्हणजे कोणी कोणाला बघून मत बदलणार नाही. सर स्वतःचं मत धरून मोजत आणि निकाल सांगत. पाच जणांत तीन एका बाजूला पडले की झालं, सगळ्यांनी तसंच करायचं.

"लोकशाही आहे ही," सर म्हणत.

"मतपेटी तेवढी तुमच्या तळहातावर," नीरजा चहा देताना म्हणायची. तेव्हा सगळे हसायचे. सरसुद्धा.

तेव्हा ती चहाच देत असे. पाचवं माणूस म्हणून तिला त्यांनीच बसवलं. मुलगी लग्न होऊन गेली, घर रिकामं झालं, ही उगाच डबे घासत बसते, तर जरा हिला गुंतवावं म्हणून. ताळेबंद कसा वाचायचा ते जेवणाच्या टेबलावर शिकवलं. कंपनीने कर्ज कशासाठी काढलंय ते आधी बघ, नफ्याकडे नंतर जा, हे वाक्य त्यांचं. ती शिकली. त्यांच्या लक्षात यायच्या आत शिकली. आणि मग एका रविवारी, एका रंगाच्या कंपनीवर सर बोलत असताना हरिश्चंद्र मध्येच म्हणाले, "वहिनींना काय वाटतं?"

एवढंच. चार शब्दसुद्धा नाहीत. पण सरांच्या जिभेवर जो कडवटपणा बसला तो तिथून हलला नाही. पुढच्या रविवारी सुजयने विचारलं. त्याच्या पुढच्या रविवारी कोणी विचारलंही नाही, सगळे नुसते तिच्याकडे बघत बसले, आणि ती पदराला हात पुसत बोलू लागली. सर तिचं बोलणं ऐकत नसत. लोक ऐकताना कसे दिसतात ते बघत. हरी पुढे झुकायचा. त्यांच्याशी बोलताना हरी पुढे झुकायचा का, ते त्यांना काही केल्या आठवेना.

तेजांकुर सेमिकॉन हा शेअर मात्र त्यांचा होता. त्यांनी शोधला, त्यांनी कट्ट्यावर आणला. चीप म्हणजे त्यांचा विषय. तीस वर्षं फळ्यावर सिलिकॉनचे अणू काढले होते त्यांनी, रंगीत खडूंनी, एकेक इलेक्ट्रॉन गोल करून. शेअर पाहता पाहता दुप्पट झाला आणि ते रस्त्याने चालताना लोकांना आधी नमस्कार करेनासे झाले. मग गडबड सुरू झाली. आज वर, उद्या खाली. अमेरिकेत कोणी शिंकलं की हा खाली, सरकारने नुसतं चीप हा शब्द उच्चारला की हा वर. एका दिवसात जास्तीत जास्त किती पडायचं याची बाजाराने घातलेली मर्यादा असते, तिला सर्किट म्हणतात. तिमाही निकाल आला आणि तेजांकुरला रोज खालचं सर्किट लागू लागलं.

गेल्या रविवारी त्याचाच निवाडा होता. सरांनी फळा बाहेर काढला होता. खराखुरा, माळ्यावरून. सिलिकॉन, त्यात मिसळायची द्रव्यं, चीप कशी कोरतात, धूळ का चालत नाही, हे सगळं त्यांनी मन लावून सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "हे तंत्र आपल्याकडे रुजायला वेळ लागेल. विकून मोकळे होऊ."

सुजयने जांभई दाबली. सरांनी ती पाहिली.

"नीरजाकाकू?" सुजय म्हणाला.

"हे सांगतायत ते बरोबरच आहे," नीरजा म्हणाली. ही सुरुवात सरांना सगळ्यात जास्त झोंबत असे. "पण ही कंपनी चीप कोरतच नाही ना. दुसरीकडून कोरून आलेल्या चिपा तपासते आणि वेष्टनात घालते. म्हणजे आंबा हिचा नाही, बाग हिची नाही. पेटी भरायची, शिक्का मारायचा, पाठवायचं. तेव्हा बघायचं काय, तर पेट्या घेणारा कोण आहे."

"कोण आहे?" हरिश्चंद्र पुढे झुकले.

"एकच मोठं गिऱ्हाईक आहे, परदेशातलं. आणि त्याने या तिमाहीचा माल पुढच्या तिमाहीत मागितलाय. रद्द नाही केलेला, पुढे ढकललाय. अहवालात शेवटी शेवटी बारीक अक्षरात आहे. लोकांनी वरचा आकडा बघितला आणि पळाले. म्हणून विकू नये असं मला वाटतं. पण गिऱ्हाईक एकटं आहे, उद्या त्याने तोंड फिरवलं तर संपलं, म्हणून आणखी घेऊही नये. आहे ते ठेवावं."

"बघा," सावित्री म्हणाली, "आता कळलं. गऱ्यांसारखंच आहे की. माझी पण मुंबईची एकच पार्टी आहे."

आता कळलं. तासभर फळ्यावर खडू झिजवला ते कोणासाठी, असं सरांनी विचारलं नाही. त्यांनी रुमाल काढला.

हरिश्चंद्रांनी दोन बोटं दाबली. ठाम, जरासुद्धा न घुटमळता. सावित्रीने दोन. सुजयने दोन, आणि हात काढून घेताना हळूच थोपटल्यासारखं केलं, जणू म्हाताऱ्याची समजूत घालतोय. शेवटी नीरजा आली. चाळीस वर्षांच्या ओळखीचा हात, पिठाच्या वासाचा. तिनेही दोन दाबली. सरांच्या तळहातावर सगळा गाव तिच्या बाजूला गेला होता.

रुमालाची घडी घालत ते म्हणाले, "एक. विकायचं ठरलं."

प्रत्येकाला वाटलं, बाकीच्यांनी ऐनवेळी कच खाल्ली. कोणी कोणाकडे बघितलं नाही, नियमच तसा होता. फळा पुसायला सुजय उठला तर सर म्हणाले, राहू दे.

सोमवारी सगळ्यांनी विकलं. नीरजाने सगळ्यांच्या आधी विकलं, नाश्ता व्हायच्या आत. "ठरलं ना, मग ठरलं," एवढंच म्हणाली. मंगळवारी तेजांकुर उसळला. बुधवारी वरचं सर्किट. सर दार लावून फोनवर भाव बघत बसले आणि जो शेअर आता आपल्याकडे नाही, त्याचं वाईट चिंतत राहिले. तो पडायला हवा होता. आपला शब्द खरा ठरावा यापेक्षा तिचा खोटा ठरावा म्हणून. गुरुवारी तो खरोखर पडला, शुक्रवारी आणखी पडला, आणि जिथे विकला होता साधारण तिथेच येऊन ठेपला. कोण बरोबर आणि कोण चूक ते बाजाराने काही सांगितलं नाही. सरांना वाटलं होतं, पडला की बरं वाटेल. शुक्रवारी संध्याकाळी अंगणात नीरजा कोणाला तरी जास्वंदीची फांदी तोडून देत होती, तो माणूस हसला, आणि सरांना वाटलं, हाही हिला शेअरबद्दलच विचारतोय. तो पोस्टमन होता.

"तुम्ही खात नाही आहात," आता नीरजा म्हणाली.

"मी येणार नाही तिकडे. तू जा. तुझाच कट्टा आहे."

"तसं कोणी म्हटलं का?"

"म्हणायला कशाला हवं? 'वहिनींना काय वाटतं.' 'बघा, आता कळलं.' इतकी वर्षं मी काय कानडीत शिकवत होतो? तुला ताळेबंदातला त कोणी शिकवला? सांगितलंस कधी त्यांना?"

"दर वेळी सांगते. 'हे सांगतायत ते बरोबरच आहे,' यानेच सुरुवात करते."

"तेच. भिकाऱ्याला घालतात तसं. आधी माझ्या हातावर एक वाटी ठेवायची आणि मग पंगत तू जेवायची."

नीरजाने तवा उतरवला. गॅस तसाच चालू राहिला, निळा, मोकळा. ती त्यांच्याकडे पूर्ण वळली.

"गेल्या रविवारी मी दोन दाबली होती," ती म्हणाली.

सर चटणीकडे बघत राहिले.

"तुम्हाला माहीतच आहे. तुमच्याच हातावर दाबली. बुधवारी सावित्रीचा फोन आला. तिनेही दोन. आणि हरिभाऊंनी दोन, असं त्यांनी तिला सांगितलंय. झाली ना तीन? मग विकायचं कसं ठरलं?"

"म्हणजे नियम मोडला तिने."

"मोडला. तुम्ही काय केलंत?"

"सुजयने काय दाबलं ते तुला ठाऊक नाही."

"नकोच आहे ठाऊक. तिघांत भागतं." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर त्यांना सोपं गेलं असतं. "सावित्री मला विचारत होती, वहिनी, तुम्ही काय दाबलंत? मी म्हटलं, ते सांगायचं नसतं. सुजय खेडला सासुरवाडीला गेलाय, त्यानेही तिला तेच सांगितलं. म्हणून त्यांना वाटतंय, सुजयने आणि मी एक दाबलं असणार, आणि तिसरे तुम्ही. त्यांचा हिशेब तसा जुळतो. माझ्या एकटीचा जुळत नाही."

"का नाही सांगितलंस?"

"काय?"

"सावित्रीला. का नाही सांगितलंस, दोन दाबली म्हणून? एका शब्दाचं काम होतं."

"तुमचं नाव गेलं असतं."

देवदत्तसरांना त्या क्षणी तिचा जितका हेवा वाटला तितका कधीच वाटला नव्हता. ज्ञान तिचं, लोक तिचे, आणि आता मोठं मनही तिचंच. यांच्या वाट्याला काय, तर झाकलेली चूक.

"उपकार झाले," ते म्हणाले.

"उपकार नाहीत. आज तुम्ही सांगा. मी बाजूला बसेन, काही बोलणार नाही. 'मला ते पटलं नव्हतं, म्हणून मी तसं सांगितलं,' एवढं म्हणा. हरिभाऊ दोन शिव्या घालतील आणि चहा पितील. भाव तिथेच आहे, नुकसान कोणाचं काही झालेलं नाही."

"आणि ते म्हणतील, का केलंत सर?"

"म्हणतील."

"मग काय सांगू?"

"ते मलाही ऐकायचंय," नीरजा म्हणाली. "का केलंत?"

उत्तर तोंडात होतं. एवढंसं. लहान पोरांनी वर्गात खडूवरून भांडताना म्हणावं तसं. सर पाणी प्यायले. बाहेर स्कूटर थांबली, आणि फाटकाची कडी वाजायच्या आधीच हरिश्चंद्रांचा आवाज ओटीवर आला.

"काय ओ सर, निघालात का? मी म्हटलं, वाटेत आहे तर घेऊनच जाऊ. सावित्री चकल्या देणार आहे म्हणते, मोडक्या." ते चपला काढून आत आले आणि दोघांचे चेहरे बघून स्वयंपाकघराच्या दारात थबकले. "मी मागून येऊ काय?"

"या हो. घावन देऊ?"

"नको वहिनी, खाऊन निघालोय." ते चौकटीला टेकले, हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात केलं. "खरं सांगू? तिकडे सगळ्यांसमोर नको म्हणून इकडे आलो. एक विचारायचं होतं. नियमात बसत नाय, मला माहिती आहे. पण गेला आठवडाभर झोप नाय. मी आणि सावित्रीने ठेवा म्हणून दाबलं होतं. म्हणजे विका कोणी म्हटलं? सर तुम्ही, ते तर तुम्ही तोंडानेच सांगितलं होतं. सुजय असेल, त्याला दुकानात फ्रीज घ्यायचाय. पण तिसरं?" ते नीरजाकडे बघत नव्हते, बघायचं टाळत होते. "वहिनी, राग मानू नका. तुम्ही एवढं समजावून सांगितलंत, ठेवा म्हणून. आम्ही तुमच्या भरवशावर दोन दाबली. आणि खाली तुमचं बोट वेगळं बोललं असेल, तर... सावित्रीला लागलंय ते. मला पण."

नीरजाने सरांकडे पाहिलं. त्या बघण्यात धाक नव्हता, विनवणीही नव्हती. वर्गात एखाद्या पोराला उत्तर येतंय हे ठाऊक असताना मास्तर जसा थांबतो, तशी ती थांबली होती. असं थांबायचं असतं, हेही तिला त्यांनीच सांगितलं होतं.

"सर?" हरिश्चंद्र म्हणाले.

किती दिवसांनी त्याने हे असं म्हटलं होतं. तोंड वळवून, सगळा देह इकडे करून, पुढे झुकून. उत्तर फक्त यांच्याकडे होतं आणि हरीला ते हवं होतं. देवदत्तसर खुर्चीत ताठ बसले, बऱ्याच महिन्यांनी.

"मी नियम मोडत नाही, हरी, तुला माहीत आहे," ते म्हणाले.

"माहिती आहे सर."

"पण तू आता घरापर्यंत आलास." त्यांनी घावनाचा तुकडा मोडला, चटणीला लावला. "हिने एक दाबलं."

"वहिनींनी?"

"घाबरली असेल. होतं असं. चर्चेत बोलणं वेगळं आणि स्वतःच्या पैशावर बोट ठेवणं वेगळं. मी किती वर्षं सांगतोय तुम्हाला, बोलण्यावर जाऊ नका. सोमवारी सगळ्यांच्या आधी विकून बसली होती, नाश्त्याच्या आत. तूच विचार."

हे शेवटचं खरं होतं, म्हणून ते फार छान बसलं. हरिश्चंद्रांनी मान हलवली. हळूहळू, जड, मनात काहीतरी उचलून दुसरीकडे ठेवल्यासारखी. मग त्यांनी पहिल्यांदाच नीरजाकडे नीट पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली, जसं दुसऱ्याच्या घरात चुकून काही उघडं दिसावं.

"म्हणजे... खरं काय वहिनी?"

नीरजाने गॅस बंद केला. हात धुतले, कोपरापर्यंत, सावकाश. ओट्यावरचं पीठ झाकलं.

सरांना तिचं गप्प राहणं सहन होईना. ती बोलली असती तर ते तोडून बोलले असते. रडली असती तर हरीसमोर समजूत घातली असती. तिच्या गप्प राहण्यातही हरी तिच्याकडेच बघत होता, आणि सरांच्या हातातला तुकडा तसाच राहिला होता.

"सांग की त्याला," ते म्हणाले. "होय की नाही गो?"

तिने खुंटीवरची पर्स घेतली. दोघांच्या मधून जाताना हरिश्चंद्र भिंतीला चिकटून बाजूला झाले.

"वहिनी, थांबा, मी सोडतो ना. एमआयडीसी लांब पडेल चालत."

ती ओटीच्या पायऱ्या उतरली, चपला पायात सरकवल्या, फाटक उघडून बाहेर पडली आणि एमआयडीसीकडच्या चढाच्या रस्त्याला लागली.